मागाची पुली आणि मामाचा लॅपटॉप

मामानं केबिनचं दार ओढून घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या बापाच्या हातात दिली.

"दाजी, आम्ही येईपर्यंत उघडायचं नाही. पोरीला पाणी-बिणी लागलं तर खिडकीतून द्या. आत महागाची वस्तू आहे."

"होय, सावकार," नाना म्हणाले.

महागाची वस्तू म्हणजे मी नव्हे. मामाचा लॅपटॉप.

नात्यानं नाना मामाचे दाजी, सख्ख्या बहिणीचा नवरा. आमच्यात दाजीला आधी पाट मांडतात, आधी ताट वाढतात. मामा तोंडानं दाजी म्हणायचा आणि हातात कुलपाची किल्ली द्यायचा. नाना त्याच्या टॉवेलच्या कारखान्यावर वॉचमन होते, म्हणून मेहुण्याला सावकार म्हणायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आईला तर मुळीच नाही.

खाली गाडी सुरू झाली. खिडकीच्या गजांतून मी बघितलं. नागेश, मामाचा मुलगा, स्टिअरिंगवर, शेजारी मामा. मागं मामी आणि माझी आई. आई ठेवणीतलं पातळ नेसली होती आणि मला हात हलवत होती. माझ्याच लग्नाचा बस्ता बांधायला चालली होती ती. नवरा गाडी चालवत होता. नवरी कुलपात होती.

"मी पण येते की," असं मी सकाळी म्हणून बघितलं होतं.

"तुला काय कळतंय गं रंगातलं," मामी म्हणाली. "तू आपली ती टॉवेलची डिझाइनं काढ."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. आमच्यात आत्याची मुलगी करतात. आम्ही तेलुगू बोलणारे, सोलापूरच्या पूर्व भागातले, पिढ्यान्‌पिढ्या मागावरचे लोक. मामानं स्वतः येऊन मला नागेशसाठी मागितलं, तेव्हा आई रडली होती. आमच्यासारख्यांच्या घरात कारखानदाराचा मुलगा येतोय म्हणून. नागेश वाईट नव्हता. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मला ते लग्न करायचं नव्हतं. कारण साधं होतं. लग्न झालं की ती केबिन माझी जन्माची होणार होती. आता निदान संध्याकाळी घरी जायला मिळायचं.

बाहेर पडायला एकच फट होती. गुजरातेतल्या वापीच्या एका मोठ्या कंपनीच्या शिरीन मॅडम माल बघायला आमच्या कारखान्यात आल्या होत्या. मामा फोनवर बोलायला बाहेर गेला, तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, "ये सब डिझाइन तुम बनाती हो?" मी हो म्हटलं. त्यांनी हळूच कार्ड दिलं. माझं स्वतःचं एक डिझाइन पाठव म्हणाल्या, पण चित्र नको. मागावर चढवायला तयार असलेली फाइल पाहिजे. पसंत पडली तर नोकरी, राहायला हॉस्टेल. मुदत आज संध्याकाळची होती; फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि घरी जाताना नेट कॅफेतून धाडायची.

टॉवेलवर नक्षी कशी उठते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नक्षी पडद्यावर काढायची. मग सॉफ्टवेअर तिचा एकेक धागा सुटा करतं. कुठला वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात, आणि त्या पट्ट्या मागाच्या डोक्यावर जॅकार्डमध्ये फिरतात. काढणं माझं काम. सुटं करणं लॅपटॉपचं. आणि तो लॅपटॉप म्हातारा होता. गुलाबाचं फूल किंवा 'गुड मॉर्निंग' लिहिलेला टॉवेल असेल तर तासाभरात उरकायचा. माझं डिझाइन मात्र चिंचेच्या पानांचं होतं. बारीक बारीक पानं, एकावर एक, टॉवेलच्या या काठापासून त्या काठापर्यंत. त्याला ते सुटं करायला अख्खी पाळी लागली असती, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आणि रोज अख्खी पाळी मामा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा, पडद्याकडे बघत.

नवा लॅपटॉप का नाही, असं तुम्ही विचाराल. ते सॉफ्टवेअर त्याच एका मशीनला बांधलेलं होतं. मागं अंगठ्याएवढं एक कुलूप खोचलेलं होतं. ते दुसऱ्या कशाला लावलं तर उघडायचं नाही. विकणारी कंपनी कधीच बुडाली होती. आधीचा डिझायनर भांडून गेला, तेव्हा मामा डोक्याला हात लावून बसला होता. मी तेव्हा मालाच्या घड्या घालायला होते. जेवणाच्या सुटीत, कुणी नसताना, बटणं दाबून दाबून मी ते शिकले. शिकवलं कुणी नाही. मामाला कळलं तेव्हा तो आनंदानं नाचायचा बाकी राहिला होता.

त्यानंतरच्या दसऱ्याला त्यानं मला नागेशसाठी मागितलं.

गाडीचा आवाज विरला. मी जेवणाचा डबा उघडला. वरच्या पुडात भाकरी, खालच्या पुडात दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा, जुन्या इअरफोनची वायर आणि कुंकवाच्या डबीत पांढरी पेस्ट.

"विजे," जिन्याकडच्या खिडकीतून नाना म्हणाले. "जेवायलीस का?"

"नाही. लॅपटॉप उघडायले."

नाना गजांना तोंड लावून बघायला लागले. एकच डोळा त्यांना. उजवा गेलेला.

"अगं, सावकार काय म्हणतील?"

"सावकार इथं नाहीत."

"बिघडला म्हणजे?"

"नाना, तुम्ही स्टुलावर बसा की जरा."

ते बसले नाहीत. मी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, कीबोर्ड उचलला, पंखा आणि तांब्याची नळी बाजूला केली. खाली प्रोसेसर होता. लॅपटॉपचं डोकं म्हणा. हे डोकं किती वेगानं चालवायचं ते खालचा बोर्ड ठरवतो, आणि ठरवताना तो त्या डोक्याचे दोन-तीन पाय चाचपून बघतो. त्यातले दोन पाय तारेनं एकमेकांना जोडले की बोर्ड फसतो. त्याला वाटतं, हे डोकं जास्त वेगाचं आहे. तो जोरात हाकायला लागतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. कन्ना चौकातल्या नेट कॅफेत मी ते इंग्रजीतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं होतं. ते पाय बसतात त्यातली कुठली दोन भोकं जोडायची त्याचं चित्र पेनानं तळहातावर काढून आणलं होतं.

मे महिना. सोलापूर. डोक्यावर पत्रा. एसी होता, पण रिमोट मामाच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. एकटीला कशाला एसी? मी हात उघडला तर घामानं चित्राचा निळा चिखल झाला होता.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

इअरफोनची वायर सोलली. आतून तांब्याची तार निघाली, केसापेक्षा जरा जाड. त्यावरचं कोटिंग स्क्रू ड्रायव्हरच्या पातीनं खरवडलं. चिमट्यानं तिला वाकवून कमान केली. प्रोसेसर उचलला. खाली भोकांच्या रांगा, पुरणाच्या चाळणीसारख्या. डोळे मिटून चित्र आठवलं. कमान दोन भोकांत बसवली, वर प्रोसेसर ठेवला, उष्णता ओढणारी ती पांढरी पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं.

काळा पडदा. पंखा फिरतोय आणि पडदा काळा.

परत सगळं उघडलं. तार एक भोक चुकून बसली होती. ती काढताना मी मनगट टेबलाला दाबून धरलं.

"विजे, काय करायलीस ते तरी सांग," नाना म्हणाले.

मग त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. "पुली बदलायले, नाना."

नानांचा हात उजव्या डोळ्याकडं गेला.

मागाचा वेग वाढवायचा तर मोटारीची पुली बदलतात. लहान काढून मोठी घालायची. माग तोच, सूत तेच, माणूस तोच. आडवा धागा नेणारा धोटा मात्र जास्त जोरात इकडून तिकडं पळतो. मी शाळेत होते तेव्हा मामानं एका सुटीच्या दिवशी सगळ्या मागांच्या पुल्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगितलंही नाही. कामगारांना नुसतं वाटलं, आज हात पुरत नाहीत, सूत फार तुटतंय. नाना वाकून तुटलेला धागा सांधत होते. बाजूच्या मागाचा धोटा उडाला, लोखंडी टोकाचा, आणि सरळ नानांच्या डोळ्यात आला.

मामानं दवाखाना केला. मामानं वॉचमनची नोकरी दिली. आई आजही ते सांगताना हात जोडते. पुलीचं कुणी बोलत नाही.

दुसऱ्यांदा बटण दाबलं. पडदा उजळला. विंडोज आलं. आणि काय आलं! एरवी चहा पिऊन यावं इतका वेळ लावणारं ते धूड टुणकन उठून उभं राहिलं. मला हसूच फुटलं.

"झालं?" नाना म्हणाले.

"पळायलंय नाना, बघा तरी!"

पेन ड्राइव्हवरून चिंचेची पानं घेतली आणि सॉफ्टवेअरला लावून दिली. पडद्यावर खाली हिरवी पट्टी सरकायला लागली. एरवी ती सरकते का थांबली तेच कळायचं नाही. आज डोळ्यांना दिसत होती. मी भाकरी खाल्ली. उभ्यानंच, पट्टीकडे बघत.

थोड्या वेळानं लॅपटॉप फटदिशी बंद पडला.

खाली हात लावला तर तव्यासारखा. तापला की आपोआप बंद होतो, ते मला ठाऊक होतं. पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. एसी धरून हिशेब केला होता मी. एसीचा रिमोट कुलपात असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"नाना, दार उघडा."

"का गं?"

"दार उघडं राहिलं तर वारं येईल. इथं भट्टी झालीय. हे चालेना."

नाना किल्लीकडे बघत राहिले. ती त्यांच्या हातातच होती. खिशातसुद्धा घातली नव्हती त्यांनी.

"सावकारांनी सांगितलंय..."

"सावकार तुमचा मेहुणा आहे! तुम्ही दाजी आहात त्याचे! माझे बाप आहात!"

"ते खरंय."

"मग?"

"खाली पाळी चालू आहे. कुणीतरी बघतंय, कुणीतरी सांगतंय. तुला काय, तू बोलून जातीस. ऐकायचं मला असतंय." मग हळू आवाजात, "तुला पाणी देऊ का?"

मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला. गजांतून हात घालून त्यांना हलवावं असं वाटलं. दाराच्या अलीकडं मी कोंडलेली आणि पलीकडं हा माणूस. किल्ली हातात असून कोंडलेला.

"टॉवेल द्या," मी म्हटलं. "ओले करून. सेकंडच्या, डागी मालातले. भरपूर."

हे त्यांना जमण्यासारखं होतं. ते उठले. रंगखात्याच्या हौदात टॉवेल बुडवून, पिळून, गजांतून आत द्यायला लागले. मीच काढलेले गुलाब, मीच लिहिलेलं गुड मॉर्निंग. मी टेबलावर टॉवेल पसरले, त्यावर स्टीलचं ताट उपडं घातलं आणि ताटावर लॅपटॉप ठेवला. पाणी आत जायला नको, गारवा मात्र लागायला पाहिजे. वरून पुठ्ठ्यानं वारा. परत चालू केला. सॉफ्टवेअरनं विचारलं, मागचं काम पुढं चालवू का? मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

दुपार अशी गेली. टॉवेल गरम झाला की गजांतून बाहेर, थंड टॉवेल आत. माझा पदर, केस, पाठ, सगळं भिजलं होतं. लघवीला लागलं तर काय, याची सोय मामानं सांगितलेली नव्हती आणि मी नानांना विचारणार नव्हते. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली. अर्ध्याच्या पुढं गेली. नानांना पण नाद लागला.

"कुठवर आली गं?"

"पाऊण झाली असेल."

"हे झालं की काय?"

मी सांगितलं. वापी, शिरीन मॅडम, हॉस्टेल, सगळं. तोवर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. टॉवेल पिळता पिळता त्यांचे हात थांबले.

"आणि उद्याचा साखरपुडा?"

"मी नसेन."

"आईला?"

"तुम्ही सांगा."

नानांनी टॉवेल परत एकदा पिळला. मग पिळलेला टॉवेल आत सरकवला. "हा घे. चांगला गार आहे."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मामाचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "दाजी, आवरलं आमचं. निघालोच. बायकांना निवडत बसू दिलं नाही मी, एका लॉटमध्ये घेऊन टाकल्या साड्या. पोरगी काम करायलीय नव्हं?"

"करायलीय, सावकार."

"मशीन ठीक आहे?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात मी त्यांना मामाशी पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं.

मी पट्टीकडे बघितलं. थोडी राहिली होती, पण ते थोडं पुरं व्हायला वेळ पाहिजे होता. गाडीनं यायला किती वेळ लागतो? आणि मग वास आला. गरम प्लॅस्टिकचा, जरा गोडसर. पंख्याचा आवाजही बदलला. घरघर होती, ती कण्हल्यासारखी झाली. पडद्यावर मधूनच आडव्या रेघा उठायला लागल्या.

आता दोनच रस्ते होते. बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, तार काढून टाकायची. मशीन वाचलं असतं. मामाला काही कळलं नसतं. उद्या साखरपुडा झाला असता आणि परवा मी याच खुर्चीवर येऊन बसले असते. नाहीतर चालू ठेवायचं. पट्टी पुरी होईल, किंवा होणार नाही. मशीन बहुतेक जाणारच.

"नाना, वास यायलाय."

"मला पण आला."

"तुमच्या वेळी कळलं होतं का आधी?"

ते गज धरून उभे राहिले. या गोष्टीवर आम्ही बाप-लेक कधीच बोललो नव्हतो.

"आवाज बदलला होता," ते म्हणाले. "सकाळपासनंच. मला वाटलं, थांबवावा. जाऊन जॉबरला, आमच्या मुकादमाला सांगावं."

"मग का नाही थांबवला?"

"मी थांबवला असता तर सावकारानं दुसऱ्याला उभं केलं असतं. माग थोडाच थांबणार होता."

वास वाढला. माझा हात बटणाजवळ गेला होता. खरं सांगते, मी भ्याले होते. वापीचा प्रश्न नव्हता. एवढी महागाची वस्तू माझ्या हातानं जाणार, त्याची भीती होती. वस्तूंना जपायची सवय आमच्या हाडात मुरलेली असते. मालकाच्या वस्तूंना जास्तच.

"नाना, हे जळेल."

"जळलं तर कुणाचा डोळा जाईल?"

मी वळून बघितलं. ते अगदी साधं विचारत होते. एकच डोळा, माझ्याकडं लावलेला, उत्तराची वाट बघणारा.

"कुणाचा नाही."

"मग चालू दे."

मी हात मागं घेतला. नाना नवा टॉवेल भिजवायला गेले नाहीत. मीही मागितला नाही. दोघं दोन बाजूंनी त्या पट्टीकडं बघत राहिलो. ती सरकली. अजून जरा सरकली. शेवटचं बोटभर अंतर राहिलं असेल, तेव्हा फाटकावर हॉर्न वाजला, आणि पडदा गेला. ठिणगी नाही, धूर नाही. नुसता गेला. पंखा थोडा वेळ उगाच फिरला आणि तोही थांबला.

जिन्यावर पावलं वाजली. मामा पुढं, मागं मामी आणि आई, शेवटी नागेश, दोन्ही हातांत पिशव्या. मामानं नानांकडून किल्ली हिसकावून घेतली आणि दार उघडलं. उकाड्याचा लोट त्याच्या तोंडावर गेला असणार. मागंच सरला तो. मग त्याला टेबल दिसलं. ओले टॉवेल, उपडं ताट, स्क्रू, चिमटा.

"काय केलंस हे?"

"मशीन गेलं," मी म्हटलं.

"गेलं म्हणजे?"

"जळलं."

तो धावला. बटण दाबलं, परत दाबलं, वायर हलवली, कुलपाची कांडी काढून परत खोचली. मामाला लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं. पण मेलेलं ओळखायला काही कळावं लागत नाही.

"काय केलंस त्याला? खरं सांग!"

"वेग वाढवला. तुम्ही मागांचा वाढवला होता तसा."

आईनं तोंडाला पदर लावला. मामानं नानांकडं बघितलं. नाना खाली बघत नव्हते.

मामानं हात उगारला, पण मारलं नाही. फोन काढला. सॉफ्टवेअर लावून देणाऱ्या जुन्या माणसाला लावला. स्पीकरवरच. तो माणूस म्हणाला, शेठ, मशीन गेलं तर सगळं गेलं, ते लॉक दुसऱ्या कशाला चालत नाही. आता नवं सॉफ्टवेअर घ्या, नवं मशीन घ्या. ते नवं शिकलेली पोरं मिळतात की, ढिगानं मिळतात.

मामानं फोन ठेवला. खुर्चीत बसला. माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं झाली, ती नजर मला आजही तशीच दिसते. त्यात राग राहिलेला नव्हता. सेकंडचा माल बाजूला काढताना माणूस बघतो, तसं बघत होता.

"मग हिला घेऊन मी काय करू?" तो म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला नाही. स्वतःशीच बोलल्यासारखं. पण सगळ्यांनी ऐकलं. आईनं ऐकलं. दसऱ्याला घरात येऊन, नारळ ठेवून, 'माझ्या बहिणीची पोर माझ्या घरची लक्ष्मी' म्हणणाऱ्या भावाचं ते वाक्य होतं.

"अण्णा," आई म्हणाली, "असं काय बोलायलास? उद्या माणसं येणारयत..."

"कसली माणसं? हिनं माझं घर जाळलं आणि मी हिला सून करू? कळवा सगळ्यांना. मोडलं म्हणून सांगा."

"आणि या साड्या?" मामी म्हणाली.

"दुकानदार परत घेतोय. पावती आहे."

नागेश अजून दारातच होता. त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. "खरंच जळलं?" त्यानं मला विचारलं.

"खरंच."

"दुरुस्त नाही व्हायचं?"

"नाही."

त्यानं मान हलवली, आणि खांदे सोडले. मी त्याला लहानपणापासून बघत आले होते, पण त्याचे खांदे इतके वर धरलेले असायचे हे मला तेव्हा कळलं.

"दाजी," मामा म्हणाला, "उद्यापासून तुम्ही पण..."

"होय," नाना म्हणाले. सावकार म्हणाले नाहीत.

वापीची नोकरी मला मिळाली नाही. अर्धवट फाइल लॅपटॉपच्या पोटातच गेली, आणि शिरीन मॅडमनी परत फोन उचलला नाही. चिंचेच्या पानांचा टॉवेल कधीच विणला गेला नाही. पुढं मी पुण्याला गेले, वेगळ्या कामाला लागले, वेगळ्याच केबिनींमध्ये बसले. त्यांची कुलपं आतून उघडायची. आई पुष्कळ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. भावाचं घर तुटलं ते माझ्यामुळं, असं तिला मरेपर्यंत वाटत होतं. मी ते खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर तिला 'मग हिला घेऊन मी काय करू' हे परत ऐकावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी आई मामीबरोबर गाडीत रडत बसली. मी आणि नाना चालत घरी निघालो. अक्कलकोट रोडला ट्रकांची रांग लागली होती. मी नेहमीसारखी त्यांच्या उजव्या अंगाला, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. दोन्हीकडं कारखाने, आत माग चालू.

मग नाना म्हणाले, "गेलं तेव्हा आवाज कसा झाला गं? मला बाहेर ऐकू आला नाही."

"आवाज झालाच नाही नाना. नुसतं बंद पडलं."

"अस्सं." ते चालत राहिले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "माझ्या वेळी लई मोठा झाला होता."